देवकीबाईंची आश्लेषा

धाराशिवजवळच्या तेर गावच्या शाळेत मी रुजू झाले, त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत एका बाईंनी माझं मनगट धरलं. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. मला ओढून शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि विचारलं,

"नक्षत्र कुठलं तुमचं?"

"माहीत नाही हो," मी म्हटलं.

"बरंय. मी आश्लेषा. आश्लेषा सासूला वाईट असते. तुम्हाला भ्यायचं काही कारण न्हाय."

एवढं सांगून झालं तरी मनगट काही सुटलं नाही. ते तसंच धरून त्यांनी मला मुख्याध्यापकांचा स्वभाव सांगितला, कोणत्या वर्गाचं छत गळतं ते सांगितलं, टाकीतलं पाणी पिऊ नका म्हणून बजावलं आणि राहायला खोली कुणाकडं बघावी तेही ठरवून टाकलं. घंटा झाली तेव्हा कुठं माझा हात मोकळा झाला. या देवकीबाई. विज्ञान शिकवायच्या.

पुढं अनेक वर्षं आम्ही एकाच शाळेत होतो. मी मराठीची, त्या विज्ञानाच्या. बोलताना समोरच्याचा हात धरायची त्यांची सवय साऱ्या गावाला पाठ होती. भाजीवाली असो, साहेब असो, बाईंना काही सांगायचं असलं की आधी मनगट पकडणार. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्याला त्यांनी असंच धरून पूर्ण प्रयोगशाळा फिरवली होती. बिचारा दुसऱ्या हातानं चहा पीत होता.

त्यांच्या नावाची कथा त्या रंगवून सांगत. वाशी तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांचा जन्म. बारशाआधी वडिलांनी गुरुजींना अक्षर विचारलं. आश्लेषाची अक्षरं डी, डू, डे, डो. गुरुजींनी पंचांग बघून सांगितलं, "डे." वडील शेतकरी माणूस, स्पष्ट बोलायचे. म्हणाले, "गुरुजी, 'डे'वरनं पोरीचं नाव काय ठिवू? डेचकी?" गुरुजींनाही हसू आवरेना. शेवटी 'डे'चा 'दे' करून देवकी ठरलं. पण भावांनी ते डेचकी काही सोडलं नाही. बाई निवृत्तीला आल्या तरी त्यांचा थोरला भाऊ फोनवर "डेचके, बरी हाय का?" असंच विचारायचा, आणि स्पीकर चालू असला की आम्हाला सगळ्यांना ऐकू यायचं.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "तुम्ही विज्ञान शिकवता. तुमचा पंचांगावर विश्वास आहे का?"

"माझा न्हाय," त्या म्हणाल्या. "पंचांगाचा माझ्यावर लई हाय."

थंडी सरत आली की एका संध्याकाळी त्या पोरांना मैदानावर जमवत. अंधार पडला की पूर्वेकडं बोट दाखवून मघा नक्षत्राच्या अलीकडं बघायला लावत. "ते बारके तारे दिसतात का, वेटोळं घातल्यागत? ती आश्लेषा. ती मी." मग त्या ताऱ्यांचा उजेड इथं पोचायला किती वर्षं लागतात ते सांगत, आणि एवढ्या लांबून तो कुणाच्या सासूपर्यंत कसा जाईल, असंही विचारत. पोरं मान वर करून बघत राहायची. एकदा पाचवीतली एक मुलगी हिरमुसून म्हणाली, "बाई, तुम्ही लईच बारीक दिसताय की." बाई इतक्या हसल्या की खाली मातीत बसल्या.

त्यांची नजर मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पापणी फारशी लवायचीच नाही. वर्गात काही मोडलं, फुटलं, तर त्या रागवत नसत. दारात उभ्या राहून एकेकाकडं बघत. थोड्या वेळानं कुणीतरी उठून "बाई, म्या केलं" म्हणायचंच. एकदा काचेचं चंचुपात्र फुटलं तेव्हा तिघांनी कबुली दिली. त्यातल्या दोघांचा त्या पात्राशी काही संबंध नव्हता. बाईंनी त्या दोघांना विचारलं, "मग उठला कशाला?" तर म्हणे, "तुम्ही बघाय लागल्या की पोटातलं तोंडात येतंय."

त्या नजरेचं एक काम मी स्वतः पाहिलं. नववीत रेश्मा नावाची मुलगी होती, गावातल्या हमीदभाई टेलरची. दहावी सुरू झाली आणि ती यायची बंद झाली. शाळेत सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं, घरच्यांनी बसवली असेल. देवकीबाई मात्र ब्लाउजपीस घेऊन दुकानात गेल्या. मीही सोबत होते.

हमीदभाई हातातलं काम टाकून उभे राहिले. "मॅडम, खुदा कसम, मी तर रोज म्हणतोय जा. आई म्हणती जा. पोरगीच ऐकंना. लई समजावलं. शाळेचं नाव काढलं की रडती."

रेश्मा मागं बसून हातशिलाई करत होती. बाईंनी तिला एक शब्द विचारला नाही. माप दिलं, तिथंच स्टुलावर बसल्या, गप्पा मारल्या आणि उठल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, गळा थोडा मोठा करा म्हणून. मग बटणं बदला म्हणून. त्या ब्लाउजचं काम संपतच नव्हतं. शेवटी एके दिवशी परत येताना मला म्हणाल्या, "पोरगी सुई ओवताना बघितली का तुम्ही? डोळ्याला टोचंल एवढी जवळ धरती. तिला फळ्यावरचं काहीच दिसत न्हाय. नववीभर शेजारणीचं बघून उतरवलंय. आता बोर्डाच्या पेपरात शेजारीण कुठं मिळणार, म्हणून घरी बसलीय."

पोरीनं चष्म्याच्या भीतीनं घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. मैत्रिणी हसतील, लग्न जमणार नाही, काय काय डोक्यात घेतलं होतं. बाईंनी तिला धाराशिवला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. चष्मा घालून रेश्मा बाहेर आली आणि समोरच्या लिंबाकडं बघत उभीच राहिली. म्हणाली, "बाई, झाडाला पानं सुटी सुटी असतेत?" आता ती सोलापूरला औषधशास्त्र शिकते. तो ब्लाउज बाईंनी कधी घातलेला मी पाहिला नाही. इतक्या वेळा उसवून तो कुणाच्याच मापाचा राहिला नव्हता.

धरलं की सोडायचं नाही हा त्यांचा स्वभाव रागातही तसाच होता. आमचे गणिताचे पाटील सर सरळ मनाचे होते. मुलासाठी मुली बघत होते. एकदा चहा पिता पिता सहज बोलून गेले, "पोरगी चांगली होती हो, पण पत्रिकेत आश्लेषा निघाली. दिलं सोडून." देवकीबाईंनी कप खाली ठेवला. त्या दिवसापासून त्या पाटील सरांशी बोलल्या नाहीत. सरांनी माफी मागितली, मुख्याध्यापकांनी मध्यस्थी केली, उपयोग झाला नाही. पुढं पाटील सरांच्या आई धाराशिवला दवाखान्यात होत्या, तेव्हा बाई शाळा सुटली की डबा घेऊन एसटीनं जात. त्या म्हातारीचे केस विंचरत, पाय चेपत, आणि सर दारात आले की तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत. मी म्हटलं, "बाई, आता तरी बोला." तर म्हणाल्या, "डबा त्यांच्या आईला हाय. बोलणं त्यांच्याशी बंद हाय. दोन्ही येगळं."

त्यांचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला लागला, तेव्हा त्याला सोडायला गेलेल्या बाई चांगल्या आठवडाभर परतल्या नाहीत. हॉस्टेलजवळच्या एका ओळखीच्या घरी राहून रोज त्याच्या मेसची भाजी चाखून बघत होत्या. शेवटी मुलानंच वडिलांना फोन केला, "आईला न्यायला या."

ते वडील म्हणजे भारतभाऊ. गावात त्यांचं पाण्याच्या मोटारी भरून देण्याचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं दुकान. माणूस अतिशय शांत. त्यांच्या तोंडून "हं" आणि "हूं" एवढंच निघायचं. या दोन्हींत फरक आहे, असं बाई म्हणत. मला तो कधी कळला नाही.

आश्लेषाची खरी हकिकत मला त्यांच्या रानात कळली. बाईंनी हुरड्याला बोलावलं होतं. ज्वारी ऐन भरात होती. गोवऱ्यांच्या विस्तवात भारतभाऊ कणसं भाजत होते आणि एक वाळलेली, लखलखीत डोळ्यांची म्हातारी गरम कणसं तळहातावर चोळून दाणे काढत होती. हात भाजत कसे नव्हते, कोण जाणे. या कासाबाई, भारतभाऊंची आत्या. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला म्हणून माहेरी परत आलेल्या आणि मग इथंच राहिलेल्या.

"या माझ्या सासूबाई," देवकीबाईंनी ओळख करून दिली.

मी चकित झाले. भारतभाऊंची आई ते तान्हे असताना गेली, हे मला माहीत होतं. माझा चेहरा बघून म्हातारी खूश झाली. म्हणाली, "सांग गं, सांग त्यास्नी. न्हायतर म्याच सांगते. तू मधलं खाऊन टाकतीस."

मग दोघींनी मिळून सांगितलं. एकीनं सुरुवात करायची, दुसरीनं तोडायचं.

देवकीबाईंचं लग्न जमत नव्हतं. मुलगी शिकलेली, नोकरीला लागलेली, घर चांगलं, तरी बघायला आलेली माणसं पत्रिका पाहिली की चहा अर्धा ठेवून उठायची. पाहुण्यांत मुलाची आई असली तर ती घरातलं पाणीसुद्धा प्यायची नाही. अशात एका मध्यस्थानं तेरचं स्थळ काढलं आणि मोठ्या हुशारीनं सांगितलं, मुलाला आईच नाही. घरात सासू नाही म्हटल्यावर आश्लेषा कुणाला लागणार? दोन्हीकडची माणसं निर्धास्त झाली.

"हे समदं आमच्या सोप्यात बसून बोलत हुते," कासाबाई म्हणाल्या. "घरात सासू न्हाय, सासू न्हाय, धा येळा म्हणले. आन् म्या आत चुलीपुढं. त्यांचाच चहा करत हुते."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. साखर घालायची राहिली. पिले तसाच. सोयरीक जमल्याच्या आनंदात कुणाला कळलं बी न्हाय."

लग्न झालं. देवकीबाई घरात आल्या आणि ही म्हातारी त्यांच्याशी धड बोलेना. सुनेच्या हातचं जेवेना. स्वतःची भाकरी स्वतः थापायची, सून समोरून आली की मान वळवायची. देवकीबाईंना वाटलं, ही माझ्या नक्षत्राला भिते. मग त्याही लांब राहू लागल्या. पायाला हात लावायचा नाही, ताट वाढायचं नाही, सावली पडू द्यायची नाही. एकाच घरात वर्षभर दोघी अशा एकमेकींना चुकवत वावरल्या.

मग कासाबाईंना ताप भरला. साधासुधा नव्हता. अंग चटका बसावा असं तापलेलं आणि तोंडानं असंबद्ध बोलणं. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेला. देवकीबाई शाळेतून रजा घेऊन कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसल्या. शेजारच्या बायका येऊन बघून जात होत्या. एक जण उंबऱ्यातच म्हणाली, "सासू न्हाय तर न्हाय. म्हातारी हाय की घरात. लागली न्हवं आश्लेषा!"

"मी उठले, तिच्या तोंडावर दार लावलं," देवकीबाई म्हणाल्या. "मला वाटलं, ही बाई भीतीनंच मरंल. म्हणून जवळ बसून सांगितलं, आत्या, भिऊ नका. पंचांगात सासू असं हाय. तुम्ही कुठं माझ्या सासू हाय? तुम्हाला माझं काही लागत न्हाय."

हे ऐकून कासाबाईंनी हातातलं कणीस खाली ठेवलं, जणू तो ताप त्यांना आत्ताच चढला होता.

"अशी उठून बसले की म्या! म्हणलं, न्हाय कशी? त्याची आई गेली तवा त्याला दात बी आले नव्हते. शेळीचं दूध बोटानं चाटवून जगवलाय त्याला. पयला दात आला तवा ह्या बोटाला चावला, हे बघा. आन् सासू न्हाय म्हंती! त्या मधल्या माणसाला ठावं नसंल, पंचांगाला ठावं नसंल, तुला तरी ठावं पायजे हुतं."

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगू का बाई, ताप आला तवा बरंच वाटलं हुतं मला. म्हणलं, चला, आश्लेषानं तरी वळखलं."

भारतभाऊ नुसते हुंकारले. तो "हं" होता की "हूं", मला आठवत नाही, पण त्यांनी डोळ्यांत धूर गेल्यासारखं केलं.

"मग तुम्ही काय केलंत?" मी देवकीबाईंना विचारलं.

उत्तर म्हातारीनंच दिलं. "काय करती? हात धरला माझा. ताप उतरंपतूर सोडला न्हाय. परसाकडं जायचं म्हणलं तरी सोडंना बया!"

आमच्या भागात सासूलाही आत्याच म्हणतात, त्यामुळं हाक बदलायची गरज पडली नाही. पण ताप उतरल्यावर कासाबाई चुलीपुढं न जाता ताटावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वाढ. तिखट जरा जास्त घाल." तेव्हापासून त्यांनी स्वतःची भाकरी स्वतः थापली नाही.

उलट त्या नक्षत्राचा त्यांना मोठा अभिमान वाटू लागला. बाजारात, लग्नात, कुठंही ओळख झाली की सांगायच्या, "माझी सून आश्लेषाची. सासूला खाती म्हंत्यात. बघा, अजून हाय म्या!" गुडघा दुखला की आश्लेषा, सर्दी झाली की आश्लेषा. दवाखान्यात नवा तरुण डॉक्टर आला होता, त्यानं विचारलं, "आजी, काय त्रास होतोय?" तर म्हणे, "सुनंची आश्लेषा लागलीया, पर थोडीच." डॉक्टर पुस्तकात नसलेला हा आजार ऐकून देवकीबाईंकडं बघू लागला. बाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "जुना हाय. दोन गोळ्या द्या."

कासाबाई खूप जगल्या. शेवटी शेवटी ऐकू कमी यायचं, पण डोळे तसेच लखलखीत. एका दुपारी जेवण झालं, सुनेला म्हणाल्या जरा पडते, आणि त्या झोपेतच गेल्या. मी निरोप मिळताच गेले. दारात माणसं जमली होती. देवकीबाई आत्याच्या उशाशी बसल्या होत्या, कोरड्या डोळ्यांनी, आल्या-गेल्याला पाणी विचारत. लांबच्या नात्यातली एक वयस्कर बाई आली होती. मनात वाईट काही नसावं, पण बोलायची खोड. हळूच शेजारणीला म्हणाली, "सून आश्लेषाची हुती म्हणं हिची."

ते सगळ्यांना ऐकू गेलं. सगळे देवकीबाईंकडं बघू लागले. मला वाटलं, आता त्या बोलणाऱ्या बाईचं काही खरं नाही.

देवकीबाई तिच्याकडं वळल्या. म्हणाल्या, "व्हय. माझीच लागली." आत्याच्या अंगावरची चादर नीट केली आणि म्हणाल्या, "सासू होती माझी."

आणि मग त्यांना रडू फुटलं. त्याआधी किंवा त्यानंतर मी त्यांना कधी रडताना पाहिलं नाही.

संध्याकाळी पाटील सर आले. त्यांच्या घरून पिठलं-भाकरीचं टोपलं आणलं होतं. अंगणाच्या कडेला ते टोपलं घेऊन उभे राहिले, पुढं यावं की नाही ते कळेना त्यांना. देवकीबाई उठल्या, टोपलं हातातून घेतलं आणि म्हणाल्या, "बसा सर." इतक्या वर्षांनी दोनच शब्द, पण सरांचा चेहरा असा उजळला की त्या घरात ते बरं दिसेना, म्हणून ते खाली मान घालून बसले.

पुढं माझी बदली परंड्याला झाली आणि बाई निवृत्त झाल्या. फोन होत असे. मध्ये एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला तेरला गेले होते. बाई लग्नात दिसल्या नाहीत. घरी गेले तर कुलूप. शेजारीण म्हणाली, "दोघं बी सकाळीच बाहेर पडलेत. आता कवा येत्यात सांगता येत न्हाय." मी हिरमुसून धाराशिवची गाडी पकडली.

गाडी गावाबाहेर पडली आणि थोड्याच वेळात रेंगाळायला लागली. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. मी खिडकीतून डोकं काढून बघितलं. पुढं रस्त्याच्या मधोमध एक लाल स्कूटी चालली होती. साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, डोक्यावर हेल्मेट, पाठ ताठ. चालवत होत्या देवकीबाई. मागं भारतभाऊ बसले होते. मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी, दोन्ही हातांनी ती आवळून धरलेली आणि डोळे गच्च मिटलेले.

"बाई!" मी ओरडले. वाऱ्यात ते कुठलं ऐकू जातंय!

ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला. कंडक्टर म्हणाला, "राहू द्या, बाई हायेत. त्यांनी शिकवलंय मला." गाडीतली सगळी माणसं हसली. ड्रायव्हरनंही मग हॉर्न सोडला आणि आम्ही सगळे त्या स्कूटीच्या मागं मागं, त्यांच्या वेगानं चाललो. दोन्ही बाजूंनी तूर पिवळ्या फुलांनी भरली होती. पुढं त्यांच्या रानाची वाट आली तशी बाईंनी डावा हात पार खांद्याच्या रेषेत लांब करून इशारा दिला, सावकाश वळल्या आणि धुरळ्यात दिसेनाशा झाल्या. भारतभाऊंनी तेवढा एकदा एक डोळा उघडलेला मला दिसला.